निरोप, नोंद आणि पोच : तीन पिढ्यांच्या कार्यालयातील अंतर्गत संवाद

एखाद्या कार्यालयातील माणसे कामाच्या निमित्ताने एकमेकांना जे सांगतात, विचारतात आणि कळवतात, त्या सगळ्याला अंतर्गत संवाद म्हणतात. मग ते कागदावर असो, तोंडी असो की मोबाइलवर. नागरिकांशी किंवा ग्राहकांशी होणारा व्यवहार यात मोडत नाही. या संवादाला तीन दिशा असतात : वरून खाली येणारा आदेश, खालून वर जाणारा अहवाल आणि एकाच पायरीवरील सहकाऱ्यांमधील विचारपूस. पहिल्या दोन दिशांसाठी शासनव्यवहाराने अनेक दशके खपून नमुने, नोंदवह्या आणि शिरस्ते घडवले. तिसरी दिशा मात्र टेबलाटेबलांमधील बोलण्यावर आणि चहाच्या टपरीवर चालत राहिली. गेल्या दहा वर्षांत मोबाइलमुळे या तिन्ही दिशा एकाच पडद्यावर येऊन मिसळल्या आहेत. त्या वेगळ्या ठेवण्याची सवय अंगात मुरलेली पिढी आणि त्या कधी वेगळ्या पाहिल्याच नाहीत अशी पिढी आज एकाच खोलीत बसून काम करते, आणि कार्यालयप्रमुखापुढील बऱ्याच अडचणींचे मूळ तेथे आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले सोनाळा हे गाव हा बदल समजून घेण्यास सोयीचे आहे. ग्रामपंचायत, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाड्या, पोलीस ठाणे आणि वन्यजीव परिक्षेत्राचे कार्यालय अशा निरनिराळ्या खात्यांची माणसे येथून काम करतात, आणि प्रत्येक खात्याची वरिष्ठांकडे जाणारी वाट वेगळी आहे. ग्रामपंचायतीचा कागद संग्रामपूरच्या पंचायत समितीमार्फत बुलढाण्याच्या जिल्हा परिषदेकडे जातो. उलट, १९९७ मध्ये घोषित झालेले गावालगतचे अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग असल्यामुळे येथील वनरक्षकाचा अहवाल अकोला जिल्ह्यातील अकोटच्या वन्यजीव विभागाकडे आणि पुढे अमरावतीकडे जातो. गावातून डोंगरात शिरले की मोबाइलचा सिग्नल अनेक ठिकाणी सुटतो. भाषाही एक नाही. गावात वऱ्हाडी, डोंगराकडच्या वस्त्यांत कोरकूसारख्या आदिवासी भाषा, बाहेरून बदलून आलेल्या अधिकाऱ्याची प्रमाण मराठी आणि या सर्वांहून निराळी अशी परिपत्रकाची मराठी, एवढ्या पायऱ्या ओलांडून एक सूचना शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायची असते.

पिढी कशाने ठरते, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘मिलेनियल’, ‘जेन झी’ ही नावे आणि १९८१, १९९७ ही त्यांची सीमावर्षे अमेरिकी समाजाच्या अनुभवावरून ठरलेली आहेत. ती जशीच्या तशी संग्रामपूर तालुक्यातील कार्यालयाला लावली तर फारसे काही हाती लागत नाही. हंगेरीत जन्मलेले समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ मधील निबंधात दाखवून दिले की, केवळ एकाच सुमारास जन्मल्याने पिढी बनत नाही. उमेदीच्या वयात सारखा अनुभव वाट्याला आल्याने ती बनते. कार्यालयापुरते बोलायचे तर कर्मचारी नोकरीला लागला तेव्हा त्याच्या टेबलावर काय होते, यावर त्याची पिढी ठरते. राज्य शासनाच्या बहुतांश कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ असल्यामुळे २०२६ मध्ये निवृत्त होणारा लिपिक १९६८ चा. तो रुजू झाला तेव्हा टेबलावर टंकलेखन यंत्र, कार्बन कागद आणि टपालाची पिशवी होती. त्यानंतरच्या पिढीला संगणक मिळाला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन होऊन एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला आणि ते प्रमाणपत्र नोकरीची अट बनले. तिसरी पिढी २००० च्या आगेमागे जन्मलेली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले तेव्हा ती शाळेत होती. या वाटणीला अपवाद भरपूर आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या अंगणवाडी सेविका ॲपवर रोज नोंदी भरताना दिसतात, तर पंचविशीतील कर्मचाऱ्याला साधे शासकीय पत्र लिहिता येत नाही, असेही आढळते. म्हणून वय पाहून माणसाची पारख करण्याआधी त्याची घडण पाहावी.

कागदाच्या पिढीने काय कमावले होते

आवक नोंदवहीचे एक पान जवळून पाहण्याजोगे असते. अनुक्रमांक, पत्र मिळाल्याचा दिनांक, पाठवणाऱ्याचे नाव, मूळ पत्राचा क्रमांक व दिनांक, विषय, पत्र कोणाकडे सोपवले, घेणाऱ्याची स्वाक्षरी आणि शेवटी निकाली निघाल्याचा शेरा, असे रकाने हाताने आखलेले असतात. या रकान्यांचा अर्थ असा की, कागद कार्यालयात आल्या क्षणापासून तो कोणा एका माणसाच्या नावावर असे. ‘सर्वांच्या’ नावावर तो कधीच नसे. ज्याने स्वाक्षरी केली, त्याच्याकडे त्या कामाची जबाबदारी गेली. या स्वाक्षरीला पोच म्हणतात. संवाद पूर्ण झाला, याचा तो पुरावा होता, आणि कागदाच्या पिढीचा सगळा विश्वास त्यावर उभा होता.

कागदाच्या व्यवहारात सुधारणाही झाल्या. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी अभिलेखांची वर्गवारी, टेबलांची मांडणी आणि कामांची वाटणी नव्याने लावली, आणि ती पद्धत ‘लखीना पॅटर्न’ या नावाने राज्यभर ओळखली गेली. पुढे बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध यांविषयीच्या २००५ च्या महाराष्ट्र अधिनियमाने असे बंधन घातले की, कोणतीही धारिका एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये, तातडीची धारिका चार दिवसांत आणि अतितातडीची शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निकाली निघावी. तातडीच्याही पायऱ्या असतात, हे कायद्यानेच मान्य केले होते. मोबाइलच्या पडद्यावर मात्र प्रत्येक संदेश त्याच आवाजात वाजतो, आणि ही पायऱ्यांची उतरंड सपाट होऊन जाते.

या व्यवस्थेचा दोषही मोठा होता आणि तो झाकून चालणार नाही. परिपत्रक कोणाला कधी दाखवायचे, हे टपाल फोडणाऱ्याच्या हाती असे; अनेक कार्यालयांत माहिती अडवून ठेवणे हेच जुन्या हेडक्लार्कचे बळ होते. रजेचा नियम, प्रशिक्षणाची संधी, बदलीची मुदत या गोष्टी कनिष्ठांना अनेकदा वेळ टळून गेल्यावर कळत. आज आरोग्य केंद्रातील आशा स्वयंसेविका आणि वैद्यकीय अधिकारी यांना एकच सूचना एकाच क्षणी दिसते, हा बदल क्षुल्लक नाही; नव्या माध्यमाने कार्यालयात आणलेली ती खरीखुरी समता आहे आणि कोणत्याही शिस्तीच्या नावाखाली ती परत घेऊ नये.

एका संदेशाचा प्रवास

आता दुसरे चित्र. रात्री पावणेदहाला कार्यालयाच्या व्हॉट्सॲप समूहात एका परिपत्रकाचे छायाचित्र येते. कागद किंचित तिरका, कडेला बोटाची सावली, शेवटचा परिच्छेद कापला गेलेला. खाली एकच ओळ : ‘तात्काळ. सर्वांनी दखल घ्यावी.’ पुढच्या वीस मिनिटांत ‘जी सर’, ‘ओके सर’, जोडलेले हात आणि उंचावलेले अंगठे यांची रांग लागते आणि मूळ छायाचित्र वर सरकत दिसेनासे होते. सकाळी कोणी समूह उघडतो तेव्हा त्याला पोचांची रांग दिसते, परिपत्रक दिसत नाही. ज्या एकदोघांनी प्रत्यक्ष काम करायचे आहे, त्यांची नावे त्या ओळीत नसतात. ‘सर्वांनी’ या शब्दाने ते काम कोणाचेच उरत नाही.

संदेशाखालील दोन निळ्या खुणांना अलीकडे पोच समजले जाते. त्या खुणांचा अर्थ एवढाच की, त्या क्रमांकाच्या मोबाइलवर तो संवाद उघडला गेला. मजकूर वाचला, समजला, काम स्वीकारले आणि ते अमुक वेळेपर्यंत होईल, यांपैकी काहीही त्यातून सिद्ध होत नाही. आवक नोंदवहीतील स्वाक्षरी आणि ही निळी खूण यांच्यामधली जागा अनेक कार्यालयांनी मोकळी सोडली आहे, आणि पिढ्यांचे बहुतेक खटके त्या मोकळ्या जागेत उडतात.

ज्येष्ठ कर्मचारी ‘लेखी पत्र द्या, मग करतो’ असे म्हणतो तेव्हा तरुण सहकाऱ्याला ती टाळाटाळ वाटते. वास्तविक त्यामागे लेखापरीक्षणाचा आणि कारणे दाखवा नोटिशीचा अनुभव असतो : तोंडी सांगण्यावरून केलेल्या खर्चाचा आक्षेप पाच वर्षांनी निघतो तेव्हा सांगणारा बदलून गेलेला असतो आणि करणारा एकटा उरतो. उलट, तरुण कर्मचारी साहेबांना फोन न करता संदेश टाकतो, तेव्हा ज्येष्ठाला तो उद्धटपणा वाटतो. तरुणाच्या समजुतीप्रमाणे मात्र वेळीअवेळी फोन करून समोरच्याचे काम तोडण्यापेक्षा संदेश ठेवणे हीच अदब असते. साहेबांच्या सूचनेखाली नुसता अंगठा उंचावणे एकाला तुटक वाटते, दुसऱ्याला पुरेसे. कोणाला ‘सर’, कोणाला ‘साहेब’, कोणाला ‘भाऊ’ किंवा ‘ताई’ म्हणायचे, हे समोरासमोर आपोआप जमते. लेखी संदेशात तेच अवघड होते, कारण तेथे आवाजातील आर्जव कामी येत नाही.

या वादात एका बाजूचा पूर्ण निकाल लावणे योग्य नाही. नोंदीच्या बाबतीत ज्येष्ठांचे म्हणणे बरोबर आहे आणि वेगाच्या व खुलेपणाच्या बाबतीत तरुणांचे. म्हणून कार्यालयप्रमुखाने माध्यम निवडण्याचे काम कर्मचाऱ्यांच्या स्वभावावर न सोडता, कोणत्या कामाला कोणते माध्यम, हे एकदा ठरवून लेखी जाहीर करावे.

कामानुसार माध्यम

आदेश, सूचना, चर्चा आणि अहवाल ही चार वेगवेगळी कामे आहेत. आदेशामुळे कोणावर तरी जबाबदारी येते किंवा पैसा खर्च होतो. म्हणून आदेश क्रमांकासह कागदावर किंवा कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर निघावा, आणि समूहात त्याची फक्त वर्दी द्यावी. सूचना, म्हणजे बैठकीची वेळ, शिबिराचे ठिकाण, वीज बंद राहण्याची माहिती, समूहावर देण्यास हरकत नाही. चर्चा शक्यतो समोरासमोर किंवा फोनवर व्हावी, कारण मतभेद लेखी संदेशात लवकर चिघळतात आणि चाळीस जणांच्या देखत एखाद्याची चूक काढली की ती व्यक्ती पुढे चूक लपवू लागते. ज्येष्ठ असो वा नवखा, कोणालाही समूहात खडसावू नये. अहवालासाठी एकच ठरलेला नमुना असावा आणि जी माहिती एका ॲपवर भरली आहे, तीच पुन्हा छायाचित्र काढून समूहावर आणि पुन्हा कागदावर मागू नये. ही तिहेरी मागणी ग्रामीण भागातील क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचा फार वेळ खाते आणि त्यांच्या त्राग्याचे ते एक न्याय्य कारण आहे.

जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराविषयी शासन निर्णय काढला. कार्यालयांतर्गत समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम यांसारखी माध्यमे वापरण्यास त्यात मुभा आहे. मुभा मिळाली म्हणून नोंद आपोआप होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

संदेश लिहिण्याची रीतही शिकवावी लागते. ‘उद्या सत्र आहे, सर्वांनी हजर राहावे’ या वाक्यात कोणी, कोठे, किती वाजता आणि काय घेऊन, हे काहीच नाही. शिवाय रात्री बारानंतर वाचणाऱ्यासाठी ‘उद्या’चा दिवसच बदलतो. त्याऐवजी असा संदेश लिहावा : ‘गुरुवार, सकाळी ९ वाजता, उपकेंद्रात लसीकरण सत्र. आशाताईंनी लाभार्थ्यांची यादी बुधवारी सायंकाळी ५ पर्यंत आरोग्यसेविकांकडे द्यावी. अडचण आल्यास आरोग्य सहायकांना फोन करावा. मूळ पत्र कार्यालयातील धारिकेत आहे.’ चार वाक्यांत काम, करणारा, मुदत, विचारण्याचे ठिकाण आणि मूळ कागद, असे सारे आले. परिपत्रकाचे नुसते छायाचित्र पुढे ढकलणाऱ्याने त्याखाली आपल्या कार्यालयाला त्यातील कोणता भाग लागू आहे, हे दोन ओळींत साध्या मराठीत लिहिलेच पाहिजे. ‘उपरोक्त विषयान्वये’ आणि ‘विहित मुदतीत’ यांचा उलगडा प्रत्येकाने आपापल्या परीने करायचा, अशी अपेक्षा ठेवू नये. मजकूर देवनागरीत, युनिकोडमध्ये टंकावा, म्हणजे तो नंतर शोधता येतो. रोमन लिपीतील मराठी प्रत्येक जण वेगळ्या वर्णलेखनाने लिहितो आणि शोधताना सापडत नाही.

पोच कशी घ्यावी, याचे उत्तर नव्या तंत्रज्ञानाकडे नसून जंगलातील जुन्या बिनतारी यंत्रणेकडे आहे. वॉकी-टॉकीवर बोलणाऱ्याला ठाऊक असते की आवाज तुटू शकतो. म्हणून आधी स्वतःची ओळख, मग थोडक्यात निरोप, आणि ऐकणाऱ्याने तो निरोप परत म्हणून दाखवायचा, अशी शिस्त तेथे पाळली जाते. ‘ऐकले’ एवढ्यावर भागत नाही, काय ऐकले ते सांगावे लागते. हीच रीत समूहात आणता येते. ज्याच्या नावे काम आहे, त्या एकट्यानेच उत्तर द्यावे आणि ‘जी सर’ न लिहिता ‘यादी बुधवारी ५ पर्यंत देते’ असे लिहावे. बाकीच्यांनी काहीही लिहू नये. एवढा एक नियम पाळला तरी समूहातील गर्दी पुष्कळ कमी होते, आणि ज्येष्ठांना हवी असलेली पोच व तरुणांना हवा असलेला वेग, दोन्ही साधतात.

अनुभव आणि अवजार

वन्यजीव परिक्षेत्रातील काम पाहिले की, पिढ्यांमधील देवाणघेवाण किती फलदायी ठरू शकते, हे कळते. वाघांची गणना पूर्वी पगमार्कवरून, म्हणजे पावलांच्या ठशांवरून होत असे. वनरक्षक ठशावर काच ठेवून त्याची बाह्यरेषा उतरवत आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घेत. २००६ च्या राष्ट्रीय गणनेपासून ती पद्धत मागे पडली आणि स्वयंचलित कॅमेरे व संख्याशास्त्रीय पद्धती आल्या. २०१० मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी एम-स्ट्राइप्स ही गस्तीच्या नोंदीची प्रणाली आणली. तिचे मोबाइल ॲप गस्तीचा मार्ग उपग्रहाच्या साहाय्याने टिपते, दिसलेल्या खुणा जागच्या जागी नोंदवू देते आणि जेथे सिग्नल नाही तेथे माहिती मोबाइलमध्येच साठवून नंतर पाठवते. दैनंदिनीत ‘बीटमध्ये गस्त केली, सर्व ठीक’ असे लिहून भागत असे, ते आता भागत नाही.

या बदलात ज्येष्ठ वनरक्षक व वनमजूर निरुपयोगी ठरले, असे समजणे मोठी चूक होईल. ॲपमध्ये ‘खूण’ असा रकाना आहे. पण वाळलेल्या नाल्यातील ती खूण कोणाची, किती जुनी, प्राणी कोणत्या दिशेने गेला, हे ठरवण्यासाठी वर्षानुवर्षे त्या वाटा तुडवलेला डोळा लागतो. तरुण वनरक्षकाला ॲप हाताळता येते, ज्येष्ठाला जंगल वाचता येते. दोघांना एकत्र गस्तीवर पाठवले तर नोंद खरी होते आणि दोघेही शिकतात; वेगवेगळे पाठवले तर एकाची नोंद पोकळ राहते आणि दुसऱ्याचे ज्ञान निवृत्तीबरोबर निघून जाते. आरोग्य केंद्र, शाळा, ग्रामपंचायत, सर्वत्र ही जोडी लावता येते. मात्र तिला ‘मोबाइल शिकवणे’ असे नाव देऊ नये. शिकणे दोन्ही बाजूंनी आहे, हे प्रमुखाने सर्वांसमोर सांगावे, म्हणजे ज्येष्ठाला संकोच वाटत नाही.

अवजार लादले की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. केंद्र शासनाचे पोषण ट्रॅकर हे ॲप २०२१ मध्ये आले. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. मोबाइल कमी क्षमतेचे व नादुरुस्त होते आणि ॲपची भाषा इंग्रजी होती, या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. ‘बायकांना तंत्रज्ञान जमत नाही’ असा त्याचा अर्थ काढणे सर्वथा चुकीचे होते. ज्या भाषेत सेविका बाळाचे वजन मातेला समजावून सांगते, ती भाषाच अवजारात नव्हती. कोणतेही नवे साधन आणण्यापूर्वी ते रोज वापरणाऱ्या दोघांना, शक्यतो एका ज्येष्ठाला आणि एका नवख्याला, आठवडाभर वापरू द्यावे आणि त्यांचे म्हणणे ऐकून मगच ते सर्वांना द्यावे.

भाषेच्या संदर्भात ध्वनिसंदेशाचाही विचार करावा. टंकण्याचा कंटाळा किंवा अडचण असलेल्या कर्मचाऱ्यांना बोलून पाठवलेला संदेश फार सोयीचा वाटतो, कारण तो वऱ्हाडीत किंवा कोरकूत, नेहमीच्या बोलण्याच्या लयीत पाठवता येतो. ही सोय रोखू नये. तथापि, ध्वनिसंदेश नंतर शोधता येत नाही आणि बैठकीत बसलेला माणूस तो ऐकू शकत नाही. म्हणून त्याखाली विषयाची एक ओळ लिहिण्याची सवय लावावी, आणि पाठवणाऱ्याला ते जमत नसेल तर ऐकणाऱ्याने ती लिहावी.

वेळ, गोपनीयता आणि कार्यभार

कार्यालयीन वेळेनंतरच्या संदेशांचा प्रश्न केवळ तरुणांचा नाही, जरी तो तेच अधिक उघडपणे मांडत असले तरी. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कमुक्त राहण्याच्या हक्काची तरतूद लागू आहे. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी याच आशयाचे खासगी विधेयक डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. कायदा नसला तरी कार्यालयाला स्वतःचा नियम करता येतो. वणवा, प्रसूती, सर्पदंश, गावातील तंटा किंवा सोनाळ्यातील संत सोनाजी महाराजांच्या यात्रेतील गर्दीचा बंदोबस्त अशी कामे घड्याळ पाहत नाहीत, हे खरे आहे. परंतु जे खरोखर तातडीचे आहे ते फोन करून सांगावे, आणि जे फोन करण्याइतके तातडीचे नाही ते सकाळी दहानंतर पाठवावे. तातडीची पायरी यामुळे पुन्हा उभी राहते आणि रात्री फोन वाजला तर तो उचललाच पाहिजे, हेही प्रत्येकाला कळते.

गोपनीयतेबाबत सर्वच पिढ्या सारख्याच निष्काळजी असतात. गरोदर मातांच्या याद्या, क्षयरुग्णांची नावे, शाळेतील मुलांची छायाचित्रे, तक्रारदाराचा अर्ज हे सर्व समूहांत सर्रास फिरते. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला असून अशी माहिती सहजपणे पुढे पाठवणे यापुढे कायद्याच्या नजरेतूनही सोपे राहणार नाही. अभयारण्यालगतच्या गावात आणखी एक काळजी घ्यावी लागते : वाघ कोठे दिसला, याचे छायाचित्र व ठिकाण समूहातून बाहेर गेले की ते शिकाऱ्यापर्यंतही जाऊ शकते. अशी माहिती ठरलेल्या अधिकाऱ्याला थेट द्यावी, समूहात टाकू नये.

सर्वांत दुर्लक्षित बाब कार्यभाराची आहे. राज्य शासनात एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा धरला जातो. म्हणजे दर काही वर्षांनी माणूस बदलतो. पूर्वी कार्यभार देताना धारिका, नोंदवह्या, किल्ल्या आणि शिक्के यांची यादी करून दोघांच्या स्वाक्षऱ्या होत. आता कामाचा मोठा भाग व्यक्तीच्या खासगी मोबाइलमध्ये असतो; ती व्यक्ती समूहातून बाहेर पडली की कोणत्या शेतकऱ्याला काय कळवले, कोणत्या ठेकेदाराला काय मान्य केले, याचा माग पुसला जातो. नव्याने आलेला अधिकारी पहिले सहा महिने जुन्या माणसाला फोन करून माहिती गोळा करत राहतो. हे टाळण्यासाठी समूहाचा एक ॲडमिन नेहमी कार्यालयाच्या क्रमांकाचा असावा, महिन्यातून एकदा समूहातील निर्णयांच्या संदेशांची छापील प्रत काढून ती धारिकेला जोडावी, आणि कार्यभाराच्या यादीत ईमेल, परवलीचे शब्द व समूह यांचा स्वतंत्र रकाना असावा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना कायदेशीर मान्यता दिली आहे आणि माहिती अधिकार अधिनियम २००५ मधील ‘माहिती’च्या व्याख्येत ईमेल व इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील सामग्रीही येते, तेव्हा मोबाइलवर दिलेली सूचना हवेत विरली, अशा समजुतीत कोणी राहू नये. पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, जिनिंग कारखाना यांसारख्या खासगी व सहकारी आस्थापनांनाही ही पद्धत तशीच लागू पडते, फक्त नोंदवहीचे नाव बदलते.

या साऱ्या व्यवस्थेची कसोटी मुख्य कार्यालयात बसलेल्या माणसावर लावू नये. ती सर्वांत दूरच्या माणसावर लावावी. डोंगरातील संरक्षण कुटीवर राहणारा वनमजूर, वस्तीवरची अंगणवाडी मदतनीस, मोबाइल नसलेला ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी, यांच्यापर्यंत निरोप पोहोचवण्याची जबाबदारी प्रत्येक वेळी कोणा एका नावावर टाकलेली असावी, आणि तो माणूस पायी किंवा दुचाकीवर जाऊन निरोप देणार असेल, तर तेही कामच धरावे. सोनाळ्यातील असो वा अन्य कोणत्याही गावातील, प्रत्येक कार्यालयप्रमुखाने पुढच्या मासिक सभेआधी एवढे करावे : मागील आठवड्यात दिलेली एक सूचना निवडावी, आपल्या कार्यालयातील त्या सर्वांत दूरच्या माणसाकडे स्वतः जावे, आणि त्या सूचनेत काय सांगितले होते, हे त्याच्या तोंडून ऐकावे.